फोन स्टँडला आहे, पण नजर कुठे आहे?

काल रात्री अंधेरी स्टेशनवरून मरोळला जायला ॲपवर रिक्षा बुक केली. हँडलजवळ दोन मोबाईल लावलेले. एकावर आमचा नकाशा, दुसऱ्यावर दुसऱ्या कंपनीचं ॲप. चकाल्याचा सिग्नल सुटला आणि दुसरा फोन कोकलायला लागला. पुढचं भाडं! स्क्रीनवर सेकंद उलटे पळतायत. दादांनी मान खाली घालून रक्कम वाचली, ठिकाण वाचलं, बोट लावलं. तोवर समोरच्या डंपरने ब्रेक मारलेला. थोडक्यात वाचलो.

"दादा, रस्त्याकडे बघा ना."

"साहेब, मी नाही घेतलं तर दुसरा घेतो."

काय बोलणार?

मार्च 2025 आठवतो? दादर-स्वारगेट ई-शिवनेरीचा चालक मोबाईलवर क्रिकेट बघत होता. प्रवाशाने व्हिडिओ काढून परिवहन मंत्री प्रताप सरनाईकांना पाठवला. चालक बडतर्फ, बस पुरवणाऱ्या खासगी कंपनीला 5 हजार दंड. बडतर्फी योग्यच, मॅच बघायला कुणी जबरदस्ती केली नव्हती. पण एकाची नोकरी आणि कंपनीचे 5 हजार, हा कुठला हिशेब?

आणि इथे तर स्क्रीनकडे बघणं हाच धंदा करून ठेवलाय. 2020 पासून नियम आहे की गाडी चालवताना मोबाईल वापरायचा तो फक्त रस्ता शोधायला, तोही लक्ष विचलित न होता. भाडं उचलणं यात कुठे बसतं? पावती फाटली तर रिक्षावाल्याची फाटते. ॲपवाल्याला कोण विचारतं? ज्या ॲपला माझी रिक्षा कुठल्या गल्लीत आहे ते कळतं, त्याला ती धावतेय की उभी आहे हे कळत नाही होय? गाडी थांबल्यावरच भाडं दाखवा ना!

यावर काहीजण म्हणतील, आत कॅमेरे लावा. मुलुंडहून येताना एका कॅबमध्ये आरशाजवळ आमच्याकडे तोंड केलेला कॅमेरा होता. बायको फोनवर बहिणीला स्वतःचे रिपोर्ट सांगत होती. रेकॉर्डिंग कुठे जातं विचारलं, तर "मालकाच्या मोबाईलवर". आम्हाला विचारलं कोणी? वैयक्तिक डेटाचा कायदा 2023 मध्येच संसदेत मंजूर झालाय. चालकावर नजर ठेवायची तर कॅमेरा चालकाकडे करा, मागच्या सीटकडे कशाला?

चालत्या गाडीत भाडं दाखवायचं नाही, ही अट ॲप कंपन्यांच्या परवान्यात घाला, असा अर्ज या आठवड्यात अंधेरी आरटीओत देतोय. सही करायची असेल त्यांनी इनबॉक्स करा. रिक्षावाल्या दादांच्या सह्या आधी हव्यात.