डॉक्टरांच्या पाटीवरची अक्षरं आणि आपण

18 सप्टेंबर 2025 रोजी महाराष्ट्रातले ॲलोपॅथीचे डॉक्टर एक दिवसाच्या संपावर गेले. कारण होतं सीसीएमपी. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी आधुनिक औषधशास्त्राचा हा एक वर्षाचा कोर्स केला, की त्यांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या स्वतंत्र रजिस्टरमध्ये करायची, असा आदेश सरकारने त्याच महिन्यात काढला होता. इंडियन मेडिकल असोसिएशन, म्हणजे आयएमए, विरोधात उभी राहिली. होमिओपॅथ म्हणतात, 2014 मध्ये विधिमंडळानेच कायदा बदलला, आम्ही फी भरून परीक्षा दिल्या, आता हक्क का नाकारता? वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आहे.

डॉक्टरांचं आपसातलं भांडण म्हणून आपण ही बातमी सोडून देतो. पण कुदळवाडी-चिखलीपासून चाकणच्या खराबवाडी, नाणेकरवाडीपर्यंत कामगार कुटुंबाचा पहिला डॉक्टर बहुधा बीएचएमएस, बीएएमएस किंवा बीयूएमएसच असतो. सेकंड शिफ्टला जाण्याआधी किंवा रात्री उशिरा दवाखाना उघडा सापडतो तो यांचाच. पगार महिना 21 हजारांच्या आत असेल तर ईएसआय लागू होतं, चिंचवडच्या मोहननगरला त्याचं हॉस्पिटलही आहे, पण ठेकेदाराकडच्या किती पोरांच्या हातात ते कार्ड असतं, हे ज्याचं त्याला माहीत. म्हणून त्या पाटीवर काय लिहिलंय, हा आपल्या घरचा प्रश्न आहे.

कायद्याने या पदव्यांना एकाच मापात ठेवलेलं नाही. मुंबईतल्या एका होमिओपॅथने तापाच्या रुग्णाला तपासण्या न करता ॲलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूनम वर्मा खटल्यात सांगितलं की जे शास्त्र शिकलेलाच नाही त्याची औषधं देणं हाच निष्काळजीपणा, आणि 3 लाखांची भरपाई द्यायला लावली. सीसीएमपीचा कायदा आला तो या निकालानंतर, ही अडचण दूर करण्यासाठी. युनानी आणि आयुर्वेदाचं तसं नाही. त्यांच्या अभ्यासक्रमात आधुनिक विषय आहेत, महाराष्ट्र सरकारचा 1992 चा आदेश आहे, आणि राज्याने कायद्याने परवानगी दिली असेल तर ते आधुनिक औषधं देऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये मान्य केलं. त्यांची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. त्यामुळे मोहल्ल्यातल्या बीयूएमएस डॉक्टर साहेबांना कुणी सरसकट ‘झोलाछाप’ म्हटलं, तर ते चूक आहे. झोलाछाप तो, ज्याची नोंद कुठेच नाही.

खरा गोंधळ होतो तो स्पेशालिस्टच्या बाबतीत. ‘एमडी’ ही दोन अक्षरं वाचून आपण हात जोडतो. पण एमडी युनानीतही होते, होमिओपॅथीतही होते. पुढच्या कंसातला शब्द वाचायचा असतो, आणि नेमका तोच पाटीवर बारीक असतो. एमएस आयुर्वेदातही आहे. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राच्या आयुर्वेद परिषदेने त्यांना 58 शस्त्रक्रियांची यादी दिली, तेव्हाही आयएमएने संप केला होता. हृदयाचा किंवा किडनीचा खरा सुपरस्पेशालिस्ट हवा असेल तर एमडीच्या पुढे डीएम किंवा डीआरएनबी लागतं. ऑपरेशनवाला असेल तर एमसीएच.

मग येतात मेंबरशिप आणि फेलोशिप. ‘लाइफ मेंबर, आयएमए’ याचा अर्थ एवढाच, की पात्र डॉक्टरने वर्गणी भरली आहे. ती पदवी नव्हे. इंग्लंडच्या रॉयल कॉलेजची एमआरसीपी ही मेंबरशिप म्हणवते, पण ती कठीण परीक्षा देऊनच मिळते. एफआरसीपी मात्र परीक्षेने नाही, कामाची दखल घेऊन शिफारशीने दिली जाते. म्हणजे सारखीच दिसणारी अक्षरं, वजन वेगळं. काही फेलोशिप तर आठवड्याभराच्या कोर्सच्याही असतात. 2002 च्या आचारसंहितेनुसार ज्या शाखेची खास पदवी नाही, त्या शाखेचा स्पेशालिस्ट म्हणवून घ्यायला ॲलोपॅथीच्या डॉक्टरला मनाई आहे, आणि नोंदणी क्रमांक दवाखान्यात व चिठ्ठीवर लिहिणं बंधनकारक आहे. आपण तो क्रमांक पाहतो का? वर्गात मुलांना डबाबंद वस्तूंवरची तारीख वाचायला शिकवतो, चिठ्ठीवरचा हा आकडा कुणी शिकवत नाही.

मध्य प्रदेशातल्या दमोहमध्ये लंडनच्या नामवंत हृदयतज्ज्ञाचं नाव वापरून काम करणाऱ्याला एप्रिल 2025 मध्ये अटक झाली. त्याने उपचार केलेल्या रुग्णांच्या मृत्यूंचे आरोप आहेत. रुग्णालयाने त्याला कामावर घेतलं होतं, मग साध्या रुग्णाने काय करावं? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने 2025 मध्ये डॉक्टरांसाठी क्यूआर कोड आणला आहे, मोबाइलने स्कॅन केला की नोंदणी आणि पदवी दिसते. ही नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, म्हणून ती चालू आहे की संपली, तेही पाहावं. बीयूएमएस डॉक्टरांची नोंद इथे सापडणार नाही. त्यांची परिषद वेगळी.

आमच्या मते आयएमएचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. एका वर्षात एमबीबीएस होत नाही. पण खराबवाडीत रात्री नऊला बसणारा एमबीबीएस आयएमए आणून देणार आहे का, याचं उत्तर त्या संपात मिळालं नाही. आणि सरकारला स्वस्तात डॉक्टर हवे आहेत, हेही दिसतंच आहे. नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवली, तरी तो फरक रुग्णाला दिसणार कुठे? रजिस्टर मुंबईत, रुग्ण चाकणला. कोर्टाचा निकाल काहीही येवो, बीएचएमएस आणि सीसीएमपी ही दोन्ही नावं पाटीवर एकाच आकारात, मराठीत लिहायला लावणं सरकारला आजही जमण्यासारखं आहे.