डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत

गेल्या डिसेंबरात ऑफिसमधले आम्ही आठ जण मालवणला बोटीत बसलो. बसण्याआधीच वचन मिळालं होतं: डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत.

अर्ध्या तासानं करड्या रंगाची पाठ पाण्याबाहेर आली आणि चार बोटी एकदम तिकडे वळल्या. तो बुडाला, लांब वर आला. बोटी पुन्हा त्याच्या मागे. माझ्या फोनमध्ये अकरा सेकंदांचा व्हिडिओ आहे. त्यात डॉल्फिन दोन सेकंद दिसतो. बाकी इंजिनाची घरघर आणि आमचा आरडाओरडा.

मी सॉफ्टवेअर लिहितो. हमी देणं हा आमच्या धंद्याचाच भाग, पण ती सर्व्हरच्या जिवावर असते. इथे ती दुसऱ्याच्या श्वासावर दिली जाते. डॉल्फिन सस्तन प्राणी आहे. तो आपल्याला दर्शन द्यायला नाही, श्वास घ्यायला वर येतो. कोकण किनाऱ्यालगत दिसणारा हम्पबॅक डॉल्फिन उथळ पाण्यातच राहतो, म्हणजे नेमका आपल्या बोटींच्या वाटेवर. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून तो मासे शोधतो. त्या आवाजावर आपण इंजिनं चालवतो. आययूसीएनच्या यादीत तो संकटग्रस्त आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यात डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्याच कायद्यात शिकारीच्या व्याख्येत प्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणंही येतं.

‘बोटवाल्यांनी खायचं काय?’ प्रश्न रास्त आहे. पावसाळ्यात बोटी बंद. कमाईचे महिने मोजके. म्हणूनच माझं भांडण त्यांच्याशी नाही, आपल्याशी आहे. हमी त्यांनी हौसेनं दिलेली नाही. डॉल्फिन दिसला नाही म्हणून एक तारा देणारे, पैशांसाठी किनाऱ्यावर हुज्जत घालणारे आपणच. त्या दिवशी ‘अजून जवळ घ्या ना काका’ असं ओरडणाऱ्यांत मीही होतो.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बोटीनं डॉल्फिनपासून किमान ५० मीटर दूर राहायचं असतं. आपल्याला तेवढं पाळायला कोणी अडवलेलं नाही. बसतानाच सांगा: काका, लांबच थांबा, इंजिन बंद ठेवा, काही दिसलं नाही तरी पूर्ण पैसे देऊ. आणि खरंच द्या. वर पाच तारेही द्या.

समुद्रावर दोन तास फिरलो, काहीच दिसलं नाही, हीसुद्धा सहलच असते. पैसे परत मागण्यासारखं त्यात काही नाही.