लेलेशास्त्र्यांचा विद्यार्थी

दुर्गाडीचा पूल ओलांडला की कल्याण संपते आणि आमचे कोन गाव सुरू होते. सकाळी नाक्यावर गोदामांच्या ट्रकांत अडकलेली स्कूलबस हे इथले रोजचेच दृश्य. आतली काही पोरे खाडीपलीकडच्या कॉन्व्हेंटची. सकाळी प्रार्थनेला ‘आमेन’ म्हणतात, गणपतीत घरच्या आरतीला टाळ कुटतात. आईबापांना यात वावगे वाटत नाही. ज्यांना वाटते ते प्रवेश मिळाल्यावर बोलत नाहीत.

आमच्या दिवाळी अंकाचा विषय ‘शिक्षक’ ठरला तेव्हा बैठकीत एकाने विचारलेच, ‘मिशनवाले शिकवता शिकवता बाटवायचे, त्याचं काय?’ भीती अगदीच हवेतली नव्हती. 1839 साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण कोर्टापर्यंत गेले आणि पालकांनी धडाधड मुले काढून घेतली. पण पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांचे काय? अहमदनगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून ते परतले आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. ख्रिस्ती मात्र झाले नाहीत. 1873 मध्ये स्वतःचा सत्यशोधक समाज उभा केला. मिशनऱ्यांच्या हिशेबात हा विद्यार्थी कुठल्या रकान्यात बसला असेल कोण जाणे.

आम्हाला त्याहून जवळचे उदाहरण पलीकडच्या काठावर सापडते. 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेल्या नारायण वामन टिळकांचे बालपण कल्याणात गेले. आई गेली, घर विस्कटले आणि पोरगे नाशिकला पोहोचले. तिथे गणेशशास्त्री लेले यांनी त्याला जवळ केले, संस्कृत शिकवले. फी मागितली नाही. लेले कर्मठ परंपरेतले विद्वान. आपला विद्यार्थी पुढे मराठी ख्रिस्ती मंडळींचा कवी होईल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसणार.

टिळकांच्या धर्मांतराची गोष्ट सांगताना सगळे आगगाडीतला साहेब रंगवतात. 1893 च्या सुमारास प्रवासात भेटलेल्या त्या गोऱ्या गृहस्थाने त्यांना ‘नवा करार’ दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. गोष्ट झकास आहे. आमचे माप मात्र लेल्यांच्या बाजूने झुकते. ग्रंथ समोर आला की तो स्वतः वाचायचा, पटेपर्यंत त्याच्याशी भांडायचे, ही सवय गाडीच्या डब्यात लागत नाही. टिळकांनी भजने रचली ती अभंग-ओवीच्या वळणाची, आणि आजही चर्चमध्ये ती गायली जातात. त्या मराठीमागे नाशिकची पाठांतरे आहेत, असे आम्ही धरून चालतो.

घरातली विद्यार्थिनी तर त्याहून खट. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख नवऱ्याने करून दिली, पण नवऱ्यापाठोपाठ त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळे-ओवळे मनातून निघायला वर्षे गेली आणि 1900 मध्ये त्यांनी आपल्या पायांनी ती वाट धरली. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले त्यांना ठाऊक आहे, की गुरूची चेष्टा करण्याचा हक्क या बाईने शेवटपर्यंत सोडला नाही. आणि गुरूचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुरे केले तेही तिनेच.

त्याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे राहिला. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ठरलेल्या या पोराला टिळकांनी नगरला नेले, लक्ष्मीबाईंनी आईच्या मायेने सांभाळले. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होणाऱ्या घरात राहून ठोंबरे हिंदूच राहिले, 1918 मध्ये भादली स्टेशनजवळ रुळांवर अपघाती मृत्यू येईपर्यंत. त्यासाठी टिळकांची माया आटल्याचे कुठे दिसत नाही. ठोंबऱ्यांच्या मृत्यूआधी वर्षभर, 1917 साली, टिळकांनी स्वतः मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ नावाची आपली वेगळी मंडळी मांडली होती. ज्याला स्वतःच्या संस्थेचे कुंपण काचत होते, तो दुसऱ्याच्या पोराला कशाला कोंडेल?

या अंकातल्या लेखकांना आम्ही एकच अट घातली होती: शिक्षकाचे गुणगान नको, त्याने नेमके काय केले ते लिहा. मग कुणी छडीवर लिहिले, कुणी वर्गात वाटून खाल्लेल्या डब्यावर. त्यामुळे पाने वाढली आणि काही जाहिराती मागे गेल्या.