अनुदान मशीनला, मग दुरुस्तीला का नाही?

पेण-रोह्यात भातशेतीला माणूस मिळत नाही, यात नवं काही उरलेलं नाही. धाटावची एमआयडीसी आणि डोलवीचा पोलाद कारखाना हाकेच्या अंतरावर असताना बांधावरचं गवत काढायला कोण थांबणार? म्हणून ब्रश कटर आणि पॉवर विडर आले. २०१४-१५ पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात लहान, सीमांत, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना अवजारांवर ५० टक्क्यांपर्यंत, इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. पण ऐन पावसाळ्यात हेच मशीन सुरू होतं, दोन मिनिटं चालतं आणि बंद पडतं. मग विकत घेतलेलं यंत्र पडवीत आणि विळा पुन्हा हातात. हा दोष बहुतेक वेळा यंत्राच्या बनावटीचा नसतो, इंधनाचा आणि निगेचा असतो. तो ओळखणारे हात तालुक्यात तयार करणं हाही यांत्रिकीकरणाचाच भाग मानला पाहिजे.

इंजिन कसं बंद पडतं, यावरूनच निम्मं निदान होतं. दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडलं आणि टाकीचं झाकण सैल करताच पुन्हा चालू लागलं, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलेलं असतं. टाकीत हवा शिरत नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. चोक ओढल्यावर चालतं आणि सोडला की मरतं, तर कार्बोरेटरच्या जेटमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकटा बसलेला असण्याचा संभव मोठा. गवतात घातल्यावर दम तोडतं, तर आधी एअर फिल्टर पाहावा. टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सरच्या जाळीवर साचलेली काजळीही हेच करते. तापल्यावर बंद आणि थंड झाल्यावर सुरू, असं असेल तर प्लग आणि इग्निशन कॉइलकडे वळावं. यातल्या पहिल्या तपासण्यांना पैसा लागत नाही. तरीही अनेकदा सुरुवात थेट कार्बोरेटर बदलण्यापासून होते.

दोष इथेनॉलचा आहे, असं कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या ई-२० पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. ओलावा मर्यादेबाहेर गेला की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि इंजिन तिथूनच इंधन ओढतं. कोकणच्या दमट हवेत हा धोका जास्त. पण रोज फिरणाऱ्या दुचाकीत पेट्रोल शिळं व्हायला वेळच मिळत नाही. शेतातलं यंत्र मात्र भातकापणीनंतर सहा-सात महिने उभं असतं. धोरण बदलेपर्यंत थांबायचं की हंगाम संपताच टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, यातला दुसरा मार्ग आजच मोकळा आहे.

दुसरा आक्षेप असा की गावोगाव दुचाकीचे गॅरेजवाले आहेतच. आहेत, पण एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू झाल्यापासून बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. नव्या पोरांच्या हाताला कार्बोरेटरची सवय उरणार नाही आणि शेतातली यंत्रं तर त्यावरच चालणार. खर्चाचा प्रश्नही फार मोठा नाही. मे महिन्यात कृषी विभागाने आयटीआयच्या मदतीने तालुक्यात दुरुस्ती शिबिर घ्यावं, बचतगटांतल्या महिलांना आणि गॅरेजमधल्या मुलांना त्यात शिकवावं, आणि मशीन देणाऱ्या विक्रेत्यावर सुटे भाग ठेवण्याची अट घालावी. अर्ध्या किमतीचं अनुदान देणाऱ्या सरकारला एवढी अट घालण्याचा हक्क आहे, आणि शेतकऱ्याला ती मागण्याचा.