प्रश्न शिकणाऱ्याचा असावा

मृग नक्षत्र जवळ येऊ लागले की गावोगावी शेतकरी मेळावे भरतात. ग्रामपंचायतीच्या सभागृहात किंवा देवळाच्या मंडपात सतरंज्या अंथरल्या जातात, भाषणे होतात, पत्रके वाटली जातात आणि आभारप्रदर्शनानंतर चहा होतो. भाषणांत सांगितलेली माहिती बहुधा बिनचूक असते. भाताच्या बियाण्यास मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करावी, लावणीत ठराविक अंतर राखावे, खत खोल द्यावे, या गोष्टी संशोधनाने सिद्ध झालेल्या आहेत. श्रोतेही माना डोलावतात. परंतु पुढे हंगामात त्याच गावच्या शिवारात फेरी मारली असता राब पूर्वीप्रमाणेच भाजलेला, लावणी पूर्वीप्रमाणेच दाट आणि युरियाही पूर्वीप्रमाणेच फोकून दिलेला आढळतो. मग ‘शेतकरी ऐकत नाहीत’ असा शेरा मारून कार्यकर्ते मोकळे होतात. वास्तविक शेतकऱ्याने सारे ऐकलेले असते. त्याला शिकण्याची संधी मात्र मिळालेली नसते.

ऐकणे आणि शिकणे यांत हा जो फरक आहे, तो शाळेच्या बाबतीत शासनाने कायद्यानेच मान्य केला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांचे शिक्षण कृती, शोध आणि अन्वेषण यांच्या द्वारे, बालकेंद्री पद्धतीने व्हावे असे सांगितले. त्यापूर्वी २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही हाच विचार होता. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या प्राथमिक शाळांनी विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली तो वर्गात उतरविला, आणि राज्यभरातून शिक्षक त्या शाळा पाहावयास गेले. तेथे मुले फळ्याकडे तोंड करून ओळीने बसलेली नव्हती. ती गटागटाने जमिनीवर बसून खडे, काड्या व शब्दपट्ट्या मांडीत आपापला अभ्यास करीत होती. चिंचोके मोजून बेरीज शिकलेल्या मुलाला बेरीज म्हणजे काय ते कळते. पाढा घोकलेल्यास केवळ पाढा येतो.

ठाणे जिल्ह्यास हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा बोर्डी ठाणे जिल्ह्यातच होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीत येईनात. ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्व नाही’ असा निष्कर्ष काढून थांबणे सोपे होते. या दोघींनी तसे केले नाही. मुले येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, असे त्यांनी ठरविले, आणि त्यातून अंगणवाडी जन्मास आली. परदेशी बनावटीची महाग साधने बाजूला ठेवून पाने, बिया, शिंपले, खडे यांवर शिक्षण सुरू झाले. हे कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर बहरले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शाळाच कुरणात गेली, तीच कुरणशाळा. १९७५ साली केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. आज तो उच्चारताना त्यामागचा मूळ निर्णय क्वचितच कोणाच्या ध्यानात येतो.

प्रौढांच्या बाबतीतही याच जिल्ह्यात एक उदाहरण आहे. मुरबाड तालुक्यातील फांगणे या लहानशा गावी ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या, काही तर नव्वदीच्या घरातल्या स्त्रिया गुलाबी लुगडी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन तेथे येऊ लागल्या. शिकविणारी गावातलीच सून. शाळेची वेळ दुपारची, म्हणजे घरातील व शेतातील कामे आटोपल्यानंतरची. या शाळेचे कौतुक बहुधा त्या गुलाबी लुगड्यांसाठी झाले. विस्तार कार्यकर्त्याने लक्ष द्यावे ते दुसऱ्याच गोष्टीकडे. आपल्यालाही वाचता आले असते तर, ही हळहळ त्या बायकांनी स्वतः बोलून दाखविली होती. शाळा त्या इच्छेतून निघाली, आणि जागा, वेळ व शिक्षिका त्यांच्या सोयीने ठरली.

याच्या उलट अनुभवही महाराष्ट्राच्या पदरी आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेली व पुढे राज्यभर पसरलेली ग्रामशिक्षण मोहीम ही एक मोठी चळवळ होती. संपूर्ण गावाने साक्षर होण्याची प्रतिज्ञा करावयाची, शिक्षकांनी व शिकलेल्या तरुणांनी रात्री वर्ग चालवावयाचे, आणि काम पुरे झाल्यावर ग्रामगौरव समारंभ साजरा करावयाचा, अशी तिची रीत होती. तिने खेड्यापाड्यांत जो उत्साह निर्माण केला त्यास तोड नाही. परंतु समारंभानंतर वाचावयास काही नसले, वाचण्याचे कारण नसले, तर अक्षरे विसरली जातात, हेही त्या मोहिमेने दाखविले. १९७८ चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आणि १९८८ नंतरची साक्षरता अभियाने यांनाही हीच अडचण जाणवली. सध्या ‘उल्लास’ या नावाने नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. त्यातील वर्गांना बियाण्याच्या पिशवीवरील लेबल, सात-बारा, पीक विम्याची पावती, औषधाच्या डब्यावरील रंगीत त्रिकोण हीच पहिली पुस्तके म्हणून देता येतील. लाल त्रिकोणाचा अर्थ ज्याला वाचता येतो, तो अक्षरे विसरत नाही, कारण प्रत्येक फवारणीस त्याला ती लागतात.

शेतीच्या शिक्षणात या विचाराचा सर्वांत मोठा प्रयोग इंडोनेशियात झाला. तेथे भातावर कीटकनाशके स्वस्तात पुरविली जात. त्यांनी कोळी, भुंगेरे यांसारखे मित्रकीटक मेले आणि तपकिरी तुडतुडे उलट वाढले. १९८६ साली तेथील शासनाने सत्तावन्न कीटकनाशकांच्या भातावरील वापरास बंदी घातली. बंदी घातल्याने शेतकऱ्याची भीती मात्र जात नाही. पानावर छिद्र दिसले की त्याचा हात पंपाकडे जातो. म्हणून १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. सुमारे पंचवीस शेतकऱ्यांचा गट आठवड्यातून एकदा खाचरात उतरे, निवडलेल्या चुडांवरील कीटक मोजी, मोठ्या कागदावर रोपाचे चित्र काढून एका बाजूस किडी व दुसऱ्या बाजूस मित्रकीटक दाखवी, आणि फवारावे की नाही हे चर्चेने ठरवी. काही खाचरांत कोवळ्या रोपांची पाने शेतकऱ्यांनी स्वतः कात्रीने कापली आणि शेवटी उत्पन्न मोजले. लहानपणी पाने गेली तरी भात नवे फुटवे काढून भरून निघतो, हे त्यांनी आपल्या हातांनी पाहिले. दहा व्याख्यानांनी जी भीती गेली नसती ती एका कात्रीने गेली.

महाराष्ट्रातही कृषी विभागाच्या शेतीशाळा चालतात आणि जेथे त्या मनापासून चालतात तेथे त्यांचा गुण दिसतो. परंतु स्पष्ट बोलावयाचे तर काही ठिकाणी शेतीशाळा म्हणजे बांधावर लावलेला फलक, त्याच्यापुढे काढलेले छायाचित्र आणि सावलीत बसून ऐकलेले भाषण एवढीच राहिली आहे. ज्या शेतीशाळेत कोणाचे पाय चिखलात भरले नाहीत, तिला मेळावाच म्हणणे बरे.

आता भिवंडी तालुक्यातील दापोडे घ्यावे. मुंबई–नाशिक महामार्गालगतच्या या पट्ट्यात गेल्या काही दशकांत भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली. जी शेती उरली आहे तिच्यात राबण्यास मनुष्यबळ कमी, मजुरी महाग, आणि घरातील तरुण गोदामात किंवा यंत्रमागावर कामास. अशा गावी राबाचा प्रश्न कसा शिकवावा? पत्रक सांगते की राब भाजू नये, गादीवाफ्यावर रोपे करावीत. शेतकरी ते ऐकतो व राब भाजतो. कार्यकर्त्याने पत्रक बाजूला ठेवून एवढेच विचारावे, ‘दादा, राब कशासाठी भाजता?’ मग उत्तरे येतील, आणि ती ऐकण्यासारखी असतील. तण मरते. राख मिळते. भुई मोकळी होते आणि आवण उपटताना मुळे तुटत नाहीत. या तिन्ही कारणांत तथ्य आहे. उष्णतेने तणाचे बी खरोखरच मरते. राखेतून पालाश व सिलिका मिळते. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या प्रथेला अडाणीपणा म्हणून जो कार्यकर्ता आरंभ करतो, त्याचे पुढचे बोलणे कोणी मनावर घेत नाही.

त्यानंतर दुसरा प्रश्न: राबासाठी पाला, कवळ, शेण गोळा करण्यास किती दिवस जातात व किती मजुरी लागते? हा हिशेब शेतकऱ्यानेच मांडावा. मग एकाच खाचरात अर्धा राब भाजावा आणि अर्ध्या जागेवर गादीवाफा करून त्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळावी. कोकणात डॉ. नारायण सावंत यांनी रुजविलेल्या चारसूत्री पद्धतीचे पहिले सूत्र हेच, की तूस व पेंढा यांतील सिलिका भाताला परत द्यावी. दोन्हींकडे एकच बी, एकच दिवस. पंधरा दिवसांनी हातभर लांब-रुंद चौकोनात तण किती ते मोजावे, एकवीस दिवसांनी रोपे उपटून मुळे पाहावीत. येथे एक गोष्ट कार्यकर्त्याने मनाची तयारी करून जाणे बरे. गादीवाफ्यावर तण अधिक निघेल, आणि खुरपणीची मजुरी धरता शेतकऱ्याचा हिशेब कदाचित राबाच्या बाजूने जाईल. तसे झाल्यास तो हिशेब लपवू नये. खुरपणी कशी कमी करता येईल हा पुढील वर्षाचा प्रश्न म्हणून वहीत लिहावा. शिकणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवणे म्हणजे शिकविणाऱ्याचे म्हणणे खोटे ठरण्याचीही मुभा ठेवणे होय. ती मुभा नसेल तर प्रयोग हे नुसते नाटक ठरते, आणि शेतकरी ते लगेच ओळखतो.

मिठाच्या पाण्याचा प्रयोग तर शाळेत करावा. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बी ओतले की पोचट दाणे वर तरंगतात. गुरुजींनी कारण सांगू नये. साध्या पाण्यात कमी दाणे तरंगतात व मिठाच्या पाण्यात अधिक का तरंगतात, हे मुलांना विचारावे आणि पाऊण तास वाट पाहावी. तळाचे बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवून मुलांनी घरी न्यावे. तरंगलेले दाणे व बुडालेले दाणे दोन करवंट्यांत पेरले म्हणजे आठवड्यात उगवणीचा तक्ता तयार होतो. शेकडेवारी शिकविण्यास याहून चांगला धडा पुस्तकात नाही. पुढे खाचरात वीस चुडांतील फुटवे मोजून त्यांत खोडकिड्याने सुकलेले किती ते काढावे. शेकडा पाच ही मर्यादा ओलांडली तरच उपाय योजावयाचा असतो, तेव्हा मुलाच्या गणितावर बापाच्या औषधाचा खर्च अवलंबून राहतो. ज्या मुलाचे गणित घरात विचारले जाते, ते मूल गणितास भिणार नाही.

या पद्धतीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला वेळेचा. मेळाव्यात दोन तासांत दोनशे लोकांपर्यंत पोहोचता येते, शेतीशाळेत हंगामभरात पंचवीस. हा हिशेब खरा आहे. मात्र त्यात पोहोचणे म्हणजे काय ते सांगितलेले नाही. दोनशेंपैकी दोघांनी ऐकलेले केले आणि पंचविसांपैकी पंधरांनी केले, तर वेळ कोठे वाया गेला? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शिकणाऱ्याच्या प्रश्नावर चालावयाचे तर ज्ञानी माणसाचे काम काय उरले? उलट त्याचे काम वाढते. भाषण करणाऱ्यास आपला विषय ठाऊक असला की पुरते. बांधावर बसलेल्या शेतकऱ्याच्या कोणत्याही प्रश्नास तोंड देणाऱ्यास माती, पीक, पाणी आणि बाजार यांतले बरेच काही ठाऊक असावे लागते. युरिया-डीएपीची ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचावयाची, हे सांगणे सोपे. ‘वाकून वाकून पाठ मोडते, याला काही अवजार आहे का?’ या प्रश्नास उत्तर देणे कठीण. मुलांच्या हाती खडे देऊन स्वतः वर्तमानपत्र वाचीत बसणाऱ्या गुरुजींची पद्धत बालकेंद्री म्हणता यावयाची नाही. तो केवळ आळस होय.

दापोड्यासारख्या गावी शेतकऱ्यांना पहिला प्रश्न विचारला तर तो बहुधा कोणत्याही पत्रकात नसलेला निघेल. शेजारची जमीन भराव टाकून उंच झाली की खाचराचे पाणी वाहून जाण्याची जुनी वाट बंद होते, आणि सात-आठ दिवस पाण्याखाली राहिलेले कोवळे आवण कुजते. बी कोणते व खत किती ही चर्चा त्यानंतरची. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात शेतकरी, गुरुजी व वरच्या वर्गातील मुले यांनी मिळून बांधाबांधावरून फिरावे. पाणी कोठून येते, कोठे तुंबते व किती दिवस राहते ते मुलांनी कागदावर काढावे. तो नकाशा ग्रामसभेत भिंतीवर लावावा. जुना ओहोळ कोठून जात होता आणि कोणती मोरी बुजली आहे, हे गावातील म्हातारी माणसे त्यावर बोट ठेवून दाखवतील.