धर्मशाळा गावाची, मग कार्डावर नाव कुणाचं?

आमच्या गावात वेशीजवळ जुनी दगडी धर्मशाळा आहे. म्हातारी माणसं सांगतात, बैलगाड्या इथंच सुटायच्या, वारकरी इथंच मुक्कामाला असायचे. आता निम्म्यात कुणाचा कडबा, निम्म्यात कुणाच्या दुकानाचा माल. भाडं कोण घेतं विचारलं की सगळे दुसरीकडं बघतात.

हा प्रश्न आजच का काढायचा? कारण 24 एप्रिल 2020 ला स्वामित्व योजना सुरू झाली. गावठाणाची ड्रोननं मोजणी करून मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड दिलं जातंय. त्यावर चुकीचं नाव लागलं, तर ते काढायला कोर्टाच्या चकरा ठरलेल्या.

धर्मशाळांचे मालक बदलत गेले. आधी कुणी सरदारानं, सावकारानं पुण्य म्हणून बांधली आणि गावाला दिली. कागद बहुतेक केलाच नाही. इंग्रजी अमलात 1869 चा लोकल फंडाचा कायदा आला, रस्त्याकडेच्या धर्मशाळांवर त्या फंडातून खर्च होऊ लागला. पुढं लोकल बोर्डं आली. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा झाल्या आणि बोर्डाची मालमत्ता त्यांच्याकडं गेली. काही धर्मशाळा देवस्थानाकडं, काही ट्रस्टकडं राहिल्या. तोवर एसटी गावोगावी पोचली, मुक्कामाला कोण थांबेना. मालक एवढे झाले की सांभाळणारा कुणीच उरला नाही.

गाडगेबाबांचं उदाहरण बघा. शाळा न शिकलेला माणूस, पण धर्मशाळा स्वतःच्या नावावर ठेवली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. कुणाला दिली, कशासाठी दिली, सगळं उघड.

म्हणून मंडळी, तीन ठिकाणी बघा. ग्रामपंचायतीत नमुना 8 वर नाव कुणाचं आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीत काय नोंद झाली. आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयात ट्रस्टची नोंद आहे का. असेल, तर कलम 36 प्रमाणं आयुक्तांच्या परवानगीशिवाय ती इमारत विकता येत नाही, तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्यानंही देता येत नाही.

कडबा ठेवणारा आपलाच भाऊबंद असतो, म्हणून कोण बोलत नाही. पण त्याच्याशी भांडायची गरजच नाही. येत्या ग्रामसभेत विषय घ्या, ठराव लिहून घ्या. कडबा उद्या हलवता येईल, कार्डावरचं नाव सहज हलत नाही.