रुजू करून घेताना

जुलै उजाडला की पुण्यातल्या कॉट बेसिसच्या खोल्यांमध्ये नवी माणसे येतात. लातूर, नांदेड, जळगावहून रात्रीच्या गाडीने निघालेली ही मुले पहाटे वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर किंवा वाकडच्या पुलाखाली उतरतात. पाठीवर सॅक असते, हातात आईने भरून दिलेला चिवड्याचा डबा. कोणाची हिंजवडीत निवड झालेली असते, कोणी चाकणच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागणार असतो, कोणाला बँकेची शाखा मिळालेली असते, तर कोणाला जिल्हा परिषदेची शाळा. पहिल्या दिवशी रेनकोटच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रे गुंडाळलेली असतात: मूळ गुणपत्रिका, चार फोटो, रद्द केलेला चेक आणि सगळ्यात वर नेमणुकीचे पत्र. तिकडे घरी देवापुढे साखर ठेवलेली असते आणि दर तासाला कोणीतरी विचारते, ‘पोचला का गं तो?’

या मुलांना सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. वेळेआधी पोहोच, नीटनेटका राहा, कमी बोल, जास्त ऐक. यातले काहीच चुकीचे नाही. पण असे सल्ले देताना आपण पहिल्या दिवसाचा सगळा भार त्या एकट्या नवख्यावर टाकून मोकळे होतो. सरकारी नोकरीत ‘रुजू अहवाल’ लिहून द्यावा लागतो. अमुक तारखेस मध्यान्हपूर्व हजर झालो, एवढाच त्याचा मजकूर. आपण आलो हे येणाऱ्याने लिहून द्यायचे. त्याला आपल्यात घेतले, हे लिहून देण्याची पद्धत कुठल्याच कार्यालयात नाही. खरे तर हा दिवस जितका रुजू होणाऱ्याचा, तितकाच रुजू करून घेणाऱ्यांचा असतो.

पुण्याच्या इतिहासात असा एक पहिला दिवस आहे, आणि या जुलैत तो आवर्जून आठवावासा वाटतो. १८९० साली लोकमान्य टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला. फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवत. संस्थेतला वाद मोठा होता, माणूस त्याहून मोठा होता, आणि रिकामी झालेली जागा गणिताच्या प्राध्यापकाची होती. त्या जागेसाठी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मुंबईहून आपल्या एल्फिन्स्टनमधल्या वर्गमित्राला बोलावून घेतले. हे वर्गमित्र म्हणजे धोंडो केशव कर्वे. वय ३३. मुंबईत शाळांमधून शिकवून आणि शिकवण्या करून ते संसार चालवत होते. १८९१ मध्ये त्यांच्या पत्नी राधाबाई गेल्या. कोकणातल्या मुरुडचा हा बुजरा, मितभाषी माणूस त्याच वर्षी फर्ग्युसनमध्ये आला. कॉलेजची आजची इमारत तेव्हा उभी नव्हती, वर्ग शहरातच भरत. टिळकांनी जिथे गणित शिकवले, तिथे खडू हातात घेऊन उभे राहायचे होते. समोर बसलेल्या पुण्याच्या विद्यार्थ्यांच्या मनात तुलना आली नसेल, असे कोण म्हणेल?

कर्व्यांना दारातून परत फिरण्याचा अनुभवही होता. किशोरवयात एका सरकारी परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर मुरुडहून साताऱ्याला पायी गेले. शंभरावर मैलांची वाट, पाऊस आणि घाट. तिथे परीक्षा समितीच्या प्रमुखाने त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, म्हणून परीक्षेला बसू दिले नाही. एवढी पायपीट एका नजरेत फुकट गेली. साताऱ्याच्या त्या दारात मुलाची चण पाहिली गेली. पुण्याच्या दारात गोखल्यांनी पाहिले ते त्याचे गणित आणि त्याचा स्वभाव. माणूस तोच होता, फक्त दारात उभे असणारे वेगळे होते.

पुढे १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, पुनर्विवाह केला आणि मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकले. कॉलेजातली त्यांची जागा मात्र तशीच राहिली. १९१४ पर्यंत ते तिथे शिकवत होते. हिंगण्याचा आश्रम आणि १९१६ चे महिला विद्यापीठ यांच्या मागे ही वीसहून अधिक वर्षांची टेकू देणारी नोकरी होती. नवख्याला टिळकांचा तराजू लावला नाही, त्याला त्याच्या चालीने चालू दिले, हे श्रेय त्या संस्थेला द्यायलाच हवे.

पुण्यातलाच असा आणखी एक पहिला दिवस आहे. १९७४ च्या सुमारास सुधा कुलकर्णी, आजच्या सुधा मूर्ती, यांनी टेल्कोच्या जाहिरातीतली ‘महिलांनी अर्ज करू नये’ ही ओळ वाचून थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले, आणि पुण्याच्या कारखान्यात पहिली महिला इंजिनिअर शॉप फ्लोअरवर आली. ही गोष्ट आपण नेहमी पोस्टकार्डापाशी थांबवतो. मला त्यापुढचे कुतूहल आहे. तोवर फक्त पुरुषच असलेल्या त्या शेडमध्ये पहिल्या सकाळी तिला मशीन कोणी दाखवले असेल, जेवायला कोणी बोलावले असेल?

हे कुतूहल उगीच नाही. माझा स्वतःचा पहिला दिवस एका छापखान्याला लागून असलेल्या वृत्तपत्र कचेरीतला. मला बसायला खुर्ची नव्हती. दुपारपर्यंत मी जुन्या अंकांच्या बांधीव खंडांपाशी उभा राहून पाने उलटत होतो. येणारे-जाणारे बघत होते, विचारत कोणी नव्हते. तीनच्या सुमारास मुद्रितशोधन विभागातले एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी आपल्या टेबलाचा अर्धा भाग मोकळा केला, अजून शाईचा वास येणारी ओली गॅली माझ्यापुढे ठेवली, स्वतःचे लाल पेन दिले आणि म्हणाले, ‘वाचा. चूक सापडली नाही, तर पुन्हा वाचा.’ तिसऱ्या वाचनात मला एक चुकलेला रफार सापडला. त्यांनी तो पाहिला, मान डोलावली आणि दोन चहा सांगितले. बाकीचा दिवस मला आठवत नाही. तो रफार आणि तो चहा अजून आठवतो.

नवख्याला पहिल्या दिवशी नेमके हेच हवे असते. बसायला जागा, हातात खरेखुरे काम, ते लहान असले तरी चालेल, आणि ते पाहणारे एक माणूस. आज मोठ्या कंपन्यांमध्ये पहिल्या दिवशी सॅक, बाटली, टी-शर्ट असलेला संच मिळतो, प्रोजेक्टरवर कंपनीची मूल्ये दाखवली जातात. दिवसभर सभागृहात बसलेला मुलगा संध्याकाळी पीजीवर परततो, तेव्हा आपल्या टीममधल्या एकाचेही नाव त्याला माहीत नसते. त्याच वेळी चाकणमध्ये कंत्राटदाराकडून आलेल्या मुलाच्या हातात कित्येकदा कागदाचा कपटाही नसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्या आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले. याची अंमलबजावणी गेटवरच व्हायला हवी. पहिल्या दिवशी सेफ्टी शूज आणि हेल्मेट देताना पत्रही हातात पडले पाहिजे.

२०२४ मध्ये याच शहरात एक तरुण मुलगी पहिल्या नोकरीत रुजू झाली आणि चारच महिन्यांत मरण पावली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. कामाच्या ताणाचा आरोप कंपनीने मान्य केला नाही. तो वाद इथे सोडवता येणार नाही. पण मुलीच्या अंत्यसंस्काराला कचेरीतले कोणीही आले नाही, असे त्या आईने लिहिले होते. त्या एका वाक्याने ज्याची झोप उडाली नसेल, त्याने आपल्या हाताखाली माणसे घेऊ नयेत.

रुजू होणाऱ्या मुलामुलींनाही तीन गोष्टी सांगतो. पहिल्या दिवशी न समजलेले विचारून घ्या. सहा महिन्यांनी तोच प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. गेटवरच्या सुरक्षारक्षकाचे आणि चहा आणून देणाऱ्या मावशींचे नाव साहेबांच्या नावाआधी लक्षात ठेवा. कचेरी खरी कशी चालते, हे त्यांना ठाऊक असते. संध्याकाळी कितीही दमलात तरी घरी फोन करा. तिकडे दिवसभर कोणीतरी वाट पाहत असते.

आणि या सोमवारी ज्यांच्याकडे कोणी नवे येणार आहे, त्या सगळ्यांना विनंती: त्याचे टेबल शनिवारीच पुसून ठेवा. पुण्यात बरेच जण पहिल्या दिवशी डबा आणत नाहीत, कारण तो कुठे बसून खायचा हे त्यांना माहीत नसते. एकच्या सुमारास त्याच्या टेबलापाशी जा, त्याला नावाने हाक मारा आणि आपला डबा त्याच्यासमोर उघडा.